तीस अंडे अन् एक काळा तोडा

१

"मी एका बैठकीत तीस उकडलेले अंडे खातो," बापूराव म्हणाला.

"कोंबडीचे का मुंगीचे?" मी इचारलं.

माह्या पानठेल्यावर उभे असलेले सारे खिदळले, अन् बापूरावचे कान लाल झाले. हा बापूराव माह्या भिंतीले भीत लावून राहते. कोळशाच्या खाणीत मुकादम. आवाज खाणीच्या भोंग्यासारखा, पोट नगाऱ्यासारखं, अन् मी माह्या दारात खोकललो तरी त्याले शिवी ऐकू येते. मी शिवी घालूनच खोकलतो, ते सोडा.

"लाव पैज," तो म्हणाला.

"लावली. पन पैशाची नाई. रविवारी रुखमाचं लगन आहे. जो हारन त्यानं वरातीसमोर लुगडं नेसून नाचाचं. कय्यूम कलईवाल्याच्या भट्टीपासून विहारापर्यंत. डोक्यावर पदर, पायात तोडा. मंजूर?"

"मंजूर! लुगडं आतापासून धुवून ठेव, लहानू. हिरवं घे, तुले शोभन."

रुखमाच्या मायच्या, म्हणजे अंजनाबाईच्या छपरीत त्याच सांजेले कार्यक्रम झाला. लग्नघर असल्यानं चूल मोठी होती, गंजभर अंडे उकडले. बापूराव भिंतीच्या कोनाड्याले पाठ टेकून बसला अन् सुरू झाला. पहिले अंडे तर त्यानं गोळीसारखे गिळले. मंग घाम सुटला. मंग डोळे बाहेर आले. मी मनातल्या मनात त्याले लुगडं नेसवत होतो, तेवढ्यात लाइट गेली.

आमच्या चंद्रपुरात कोळसा जमिनीतून निघते, वीज गावातच बनते, अन् अंधारही पहिले आमच्याच गावात पडते.

लाइट आली तवा थाळी साफ. फक्त टरफलं. बापूरावनं असा ढेकर दिला की कोंबड्या खुराड्यात हालल्या.

"हिरवं लुगडं," तो मले म्हणाला.

मी चिलमीसारखा जळत घरी आलो. लोकाइले फसवणारा माणूस मी. मले कोणी फसवलं तर ते मले पचत नाई. पण थाळी रिकामी होती, अन् डोळ्यादेखत हारलो होतो.

शुक्रवारी दुपारी अंजनाबाईची किंकाळी ऐकू आली, अन् माह्या लुगड्याची चिंता मी पार इसरलो.

२

तोड्याइची गोष्ट सांगतल्याशिवाय ती किंकाळी समजणार नाई.

छप्पन साली आमच्या मोहल्ल्यानं दीक्षा घेतली. देव्हारे रिकामे झाले. घरोघरचे चांदीचे टाक आता काय कराचे, म्हणून बुढ्या बसल्या अन् त्याइनं ठरवलं, साऱ्याइचे टाक एकत्र वितळवा अन् एक जोडी तोडे करा. मोहल्ल्यातली गरीब असो का बरी असो, हरेक पोरगी लग्नात तेच तोडे घालन. नक्षी नाई, ठसा नाई, गुळगुळीत गोल. हे ओतले कोणी, तर कय्यूमच्या बापानं, इनायतचाचानं. अन् बुढ्याइनं शपथ घालून ठेवली, या चांदीले आता परत हत्यार लागणार नाई. ना हातोडा, ना कानस, ना सोनाराची कसोटी.

तोड्याइची सागवानी पेटी होती, आतून लाल फलालीन. जिच्या पोरीचं लगन आखरी झालं तिच्या घरी पेटी राहे. मागची नवरी देवरावची पोरगी, म्हणून वरीसभर पेटी देवरावच्या घरी होती. या आठवड्यात अंजनाबाईनं तिथून आणली, कय्यूमकडून तोडे उजळून घेतले, अन् पेटी छपरीच्या कोनाड्यात ठेवली.

शुक्रवारी बायका तोडे पाहाले जमल्या. पेटी उघडली.

एक तोडा चंद्रासारखा. दुसरा तव्याच्या बुडासारखा काळा.

मी पोचलो तवा छपरीत पाय ठेवाले जागा नोहोती. पेटीतून कसातरी वास येत होता, मले वाटलं लग्नघरचा असन. पेटीच्या कडेले मुंग्याइची रांग लागली होती, ती मी पायानं पुसली.

"खोटा आहे हा!" बापूरावचा भोंगा वाजला. "कय्यूमनं चांदी काढून घेतली अन् काहीतरी कथलाचं चढवलं! पालिश उतरलं, पाप निंघालं!"

मंग जे झालं ते मले सांगाले आवडत नाई. अर्धा मोहल्ला भट्टीकडे धावला. कय्यूम कढईले कलई करत होता. त्याले काही समजाच्या आत बापूरावनं त्याच्या भात्याले लाथ घातली, कातडं टर्रकन फाटलं. कोणी चिमटे नालीत फेकले.

कय्यूमची बायको शमसुन्निसा दारात उभी राह्यली, कमरेवर हात. "ज्याच्या बापानं बनवले तो चोरन का? चोराले आपल्या घरचीच चांदी कायले चोरा लागते?"

"तोडा आण!" बापूराव ओरडला. "रविवारी सकाळपर्यंत. नाईतर सामान बांध अन् मोहल्ला सोड!"

"सोडतो," कय्यूम म्हणाला. तेवढंच. तो खाली बसला अन् फाटल्या भात्यावर हात फिरवत राह्यला.

तेवढ्यात देवराव पुढं आला. नाक्यावर सायकलचं दुकान, आवाज मऊ, कपाळावर सदा माणुसकी. हात जोडून म्हणाला, "भांडू नका बाप्पा. पोरीचं लगन आहे. तो काळा तोडा मले द्या, मी नागपूरले जातो अन् माह्या खर्चानं पांढऱ्याच्या जोडीचा नवा करून आणतो."

"देवमाणूस!" बायका म्हणाल्या.

"काळा मले द्या," तो परत म्हणाला.

"कोणीच काही नेणार नाई." मागून आवाज आला. सुपारी फोडल्यासारखा.

गुणाबाई.

३

गुणाबाई म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली पहिली एमेस्सी, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. चष्मा जाड, जीभ बारीक. माह्याशी ती बोलत नोहोती, कारण मागच्या पावसाळ्यात मी तिच्या मिटल्या छत्रीत कणीक भरली होती. पाऊस आला, छत्री उघडली, अन् गुणाबाई पोळीच्या उंड्यासारखी कॉलेजात पोचली.

तिनं पेटी उचलली, छातीशी धरली. "पेटी माह्याकडे राहीन. रविवारी सकाळी विहारासमोर फैसला. तोवर कय्यूमभाऊच्या अंगाले कोणी हात लावला तर मी पोलीस बोलावीन."

"तू काय चोराची वकील?" बापूराव.

"मी तुह्या पोरीची मास्तरीण. पेपर तपासणं अजून बाकी आहे."

बापूरावनं लगेच वाट सोडली. मले एवढी मजा आली की मी तिच्यामागं तिच्या घरापर्यंत गेलो. तिनं दार लावता लावता मले पाह्यलं.

"तू काऊन आला? इथी छत्री नाई."

"बाई, कय्यूम चोर नाई."

"पुरावा?"

"तो माह्या ठेल्यावर सुपारी खाते. त्याच्या खिशातून चुना सांडला तरी तो वापस आणून देते."

"हे प्रेम झालं. पुरावा नाई." तिनं दार जरा उघडलं. "तुले लोकाइच्या पोटातलं काढता येते. हराम्या आहेस, पण हुशार आहेस. जा, तोड्याले ज्यानं ज्यानं हात लावला त्याले बोलतं कर. अन् एकही चाळा केला तर याद राख."

"एकही नाई," म्हणून मी छातीवर हात ठेवला. खिशात तिच्या सायकलचा व्हॉल्व्ह होता. जाता जाता बसवून दिला.

४

पहिला कय्यूम. तो ट्रंकेत सामान भरून राह्यला होता.

"कय्यूमभाई, तोडे उजळले तवा काही येगळं दिसलं?"

"दिखा तो बोला भी. कोन ऐकते?" तो माह्याकडे न पाहता बोलत होता. "माह्या बापाची रीत आहे, हर नगाले आपला आपला कपडा. जोडीचे असले तरी दोन कपडे. चांदी घासली की कपडा काळा होते, चांदीचा मळ. एका तोड्याचा कपडा काळा झाला. दुसऱ्याचा जसा होता तसाच."

"कपडे कुठी आहेत?"

शमसुन्निसानं कोपऱ्यातले दोन फडके माह्या अंगावर फेकले. एक काजळासारखं, एक साफ. "घे! हे बी चोरीचे आहेत म्हन! अंजनाबाईले सांगतलं होतं यानं, एका तोड्याचा मळच निंघत नाई म्हून. तिनं काय म्हटलं? बरं झालं, मेहनत वाचली!"

अंजनाबाईनं कबूल केलं. "हो भाऊ, म्हनला होता. मले वाटलं देवरावच्या घरी चांगला ठेवला असन."

"पेटी इथी आल्यावर कोनी हात लावला?"

"कोन लावते? छपरीत तर सारंच येते-जाते. पैजेच्या दुसऱ्या दिवशी सांजेले बापूराव आला होता. म्हने, मांडव पाहतो, मदत करतो. आतापर्यंत त्यानं मले बादली उचलून देल्ली नाई! कोनाड्यापाशी बसला, अन् मी चहा आनेपर्यंत गेला बी. चहा मीच पेली."

बापूराव अन् मदत! मले कुत्र्यासारखा वास लागला. गेलो त्याच्याकडे.

"काय काढलं रे कोनाड्यातून?"

त्याचा भोंगा बंद झाला. मंग दुप्पट वाजला. "निंघ इथून! हारल्यानं डोकं फिरलं तुहं! लुगडं नेसाची लाज वाटते म्हून मले चोर करून राह्यला का?" अन् माह्या तोंडावर दार.

तो काहीतरी लपवत होता हे माह्या बकरीलेही समजलं असतं. पण तोडा चोरून काळा करून परत कोणी ठेवते का?

शेवटी देवराव. दुकानात चाकाच्या तारा कसत बसला होता. छताले चकचकीत हँडलं टांगले होते, वारं आलं की एकमेकाइले लागून वाजत.

मी मुद्दामच फुसकुली सोडली. "देवरावभाऊ, गुणाबाई तो काळा तोडा झरपट नदीत फेकून देऊन राह्यली. अपशकुनी आहे म्हने."

तार त्याच्या हातातून सुटली. "फेकते? काऊन फेकते? मले द्या म्हटलं ना!"

"तुमाले जोड बनवाची आहे तर मापाले पांढरा नेजा. मी तिच्याकडून मागून आनतो."

"पांढरा नको." तो पटकन बोलला, मंग हसला. "पांढरा खरा आहे, लहानू. मोहल्ल्याची अमानत. रस्त्यात काही झालं तर? काळाच दे. भंगार तेवढं."

मी मान हालवली अन् निंघालो. बोलणं गोड होतं. पण गुळाच्या ढेपीत खडा लागावा तसं काहीतरी दाताखाली आलं होतं. काय, ते समजत नोहोतं.

५

गुणाबाई ओट्यावर बसून पेटीत नाक खुपसून होती. खरंच खुपसून.

"वास घे," तिनं मले हुकूम सोडला.

घेतला. "बाई, हा तर..."

"म्हन."

"बापूरावचा ढेकर!"

पहिल्यांदा तिच्या ओठाचा कोपरा हालला. चिमट्यानं फलालीनीच्या शिवणीतून तिनं पिवळा कण काढला. भिंगातून पाह्यला, मले दाखवला. उकडलेल्या अंड्याचा बलक.

माह्या डोक्यात लाइट आली. अंधारात हाताले लागली ती पेटी! उरलेले अंडे त्यानं सोलून कोनाड्यातल्या पेटीत कोंबले, अन् दुसऱ्या दिवशी मांडव पाहाच्या निमित्तानं काढून नेले. म्हणून मुंग्या!

"मी जिंकलो!" मी ओट्यावर उडी मारली. "बाई, हिरवं लुगडं—"

"बस खाली! तिकडे एका माणसाचं घर उठून राह्यलं अन् याले लुगडं सुचते!" ती खरोखर भडकली होती. मी बसलो.

"आयक. अंड्यात गंधक असते. उकडलं, बंद पेटीत सडलं, अन् त्यात हा मे महिना. त्यातून एक वायू सुटते. त्याचा रेणू एवढासा, एक गंधक अन् दोन हायड्रोजन. पण त्यातल्या गंधकाची चांदीवर भारी नजर. दिसली की पकडते, अन् मंग सोडत नाई. दोघं मिळून जो थर बसते, तो काळा."

"म्हन्जे बापूरावच्या अंड्यानंच तोडा काळा झाला? कय्यूमनं काहीच केलं नाई?"

"काहीच नाई. आता मले सांग, पेटीत तोडे दोन. वास एक. झाकण एक. मंग दुसरा काळा काऊन नाई झाला?"

मी परत पेटीत डोकावलो.

"साऱ्या मोहल्ल्यानं काळ्या तोड्याकडे पाह्यलं," गुणाबाई म्हणाली. "पांढऱ्याकडे कोणीच नाई पाह्यलं. काळा खोटा नाई, लहानू. तो चांदीचा आहे म्हणूनच काळा झाला. खोटा तो, जो सडक्या अंड्यासंग रात्र-दिवस झोपून नवरदेवासारखा चमकून राह्यला."

रुखमाच्या पायात खोटा तोडा जाणार होता, अन् खरा झरपटीत फेकाची आवई मीच उठवली होती!

"मंग तो पांढरा कायचा?"

"धातूइलेही स्वभाव असतात. चांदी, तांबं, पारा हे नरम. गंधकही नरम. नरमाचं नरमाशी जमते. क्रोमचं तसं नाई. हवा लागली की त्याच्यावर प्राणवायूचा असा पातळ सदरा चढते की डोळ्याले दिसत नाई. गंधक येते, दार वाजवते, वापस जाते. मले वाटते वरतून क्रोमचा मुलामा आहे. तू क्रोम कुठी पाह्यलं?"

"कुठी म्हन्जे? सायकलच्या..." माह्या कानात ते टांगलेले हँडल वाजले. "हँडलले!"

"हो. पण हँडल तर कोणीही इकत घेते. कय्यूमभाऊही."

"पन बाई, कय्यूमचे ते दोन फडके! मळ निंघाला नाई, म्हन्जे त्याच्या हातात याच्या पहिलेच खोटा आला होता!"

"फडकं तो आजही घासून दाखवू शकते. लोकं मानणार नाईत. मले चोराच्याच तोंडचं काहीतरी पाहिजे." तिनं चष्मा पुसला. "देवराव काय म्हणाला? शब्द न् शब्द सांग."

मी सांगतलं. ती ऐकत गेली, अन् एका जागी तिनं हात वर केला.

"परत सांग ते. मापाले पांढरा ने, म्हटलं तर?"

"नको म्हने. काळाच दे."

"लहानू, जोडीचा दुसरा जोडा शिवाचा असला तर तू चांभाराकडे कोणता नेशील? चांगला का फाटका?"

आता खडा दाताखालून निंघाला. नव्या तोड्याचं माप घ्याले चांगला तोडा लागते. साऱ्या मोहल्ल्याले काळा म्हणजे भंगार वाटे. त्या भंगारासाठी जीव टाकणारा एकच माणूस होता. काळा खरा आहे, हे फक्त पांढरा बनवणाराच जाणत होता.

"बाई," मी म्हटलं, "मले आता एक चाळा करू द्या. एकच."

तिनं चष्मा नाकावर चढवला. "कर," म्हणाली. "कणकीपेक्षा बरा कर."

६

रविवारी सकाळी विहारासमोर सारा मोहल्ला. पाटावर अंजनाबाई, ती लग्नघरची अन् पेटी तिच्या हवाली. एका बाजूले कय्यूम, ट्रंकेवर बसलेला. शमसुन्निसा त्याच्यामागं, डोळे कोरडे अन् लाल.

"तोडा आनला का?" बापूराव गरजला.

"आनला," मी म्हटलं. "दोन्ही इथीच आहेत."

मी काचेची मोठी बरणी ठेवली. गरम उकडलेले अंडे फोडून तिच्यात कुस्करले. बापूरावनं अंडे पाहून आवंढा गिळला.

"हे काय नाटक आहे?"

"खऱ्या चांदीची परीक्षा," गुणाबाई म्हणाली. "हत्यार नाई, कसोटी नाई, शपथ मोडत नाई. खरी चांदी अंड्याच्या वाफेत काळी पडते."

लोकं हसले. "उलटंच सांगते बाई! खोटं काळं पडते!"

"मंग पाहून घेऊ," मी म्हटलं. "ज्याची चांदी खरी याच्यात कोणाले शंका नाई, अशी एक वस्तू पाहिजे. देवरावभाऊ! तुमची अंगठी सासऱ्यानं देल्ली ना? सारं गाव आयकून आहे तिची तारीफ. द्या बरं."

देवराव मागं सरकला. "माही काऊन?"

"खोटी आहे का?"

हजारदा त्यानंच दाखवली होती ती अंगठी. आता नाई कसा म्हणते? बोटातून काढताना त्याचा हात ओला होता. मी अंगठी अन् पांढरा तोडा एकाच दोऱ्यानं बरणीत टांगले, झाकण घट्ट लावलं.

कोणी हालेना. ऊन चढत होतं. बरणीच्या काचेवर वाफ धरली. बँडवाले येऊन बसले अन् त्याइनंही बाजा खाली ठेवला. रुखमा पिवळ्या हातानं दाराआडून पाहत होती. बराच वेळ गेल्यावर मी झाकण काढलं, नाक दाबलं अन् दोरा वर ओढला.

अंगठी मधात पिवळी, बाजूले तपकिरी, कडा काळ्याकुट्ट. तोडा तसाच. लखलखीत.

"सासऱ्यानं फसवलं देवरावले!" कोणीतरी ओरडलं.

"सासऱ्यानं नाई." गुणाबाईनं दुसरी बाटली उघडली. "ही पाहा." तिनं अंगठी त्या पाण्यात बुडवली, अन् डोळ्यादेखत काळं उतरलं. चांदी वर आली. मंग अंजनाबाईची परवानगी घेऊन तिनं पेटीतला काळा तोडा बुडवला, हालवला, बाहेर काढून साध्या पाण्यात धुतला. बायकाइच्या तोंडून एकच आवाज निंघाला. देव वितळून केलेली ती चांदी, तिचा रंग त्याइले ओळखीचा होता.

"जादू!" अंजनाबाई म्हणाली.

"जादू नाई. याच्यातही गंधकच आहे. थायोयुरिया म्हणतात, कॉलेजातलं औषध. अंड्यातला गंधक चांदीवर येऊन बसून राहते. हा चांदीले धरते, पण त्याचं बाकी अंग पाण्याचं सोबती, म्हणून तिले घेऊन पाण्यात उतरते. काळा थर तेवढा निंघून जाते. पकड गंधकाचीच. एक पाव्हणा घर बळकावते, दुसरा कचरा घेऊन जाते." तिनं देवरावकडे पाह्यलं. "आता मले सांगा, देवरावभाऊ. सारे ज्याले भंगार म्हणत होते तो काळा तोडाच तुमाले काऊन पाहिजे होता? मापाले पांढरा देल्ला तर नको म्हटलं."

देवरावनं सवयीनं हात जोडले.

"माणुसकी..." तो कसातरी बोलला. "मी तर भल्यासाठी..."

"ज्याले काळा खरा आहे हे माहीत, त्यालेच पांढरा खोटा आहे हे माहीत," गुणाबाई म्हणाली.

"अन् हा खोटा असला," मी पांढरा तोडा वर धरला, "तर याले बुढ्याइची शपथ लागत नाई. कय्यूमभाई, कानस आहे का?"

कय्यूम ट्रंकेवरून उठला. ट्रंक उघडली, कानस काढली, मांडी घालून बसला अन् तोडा पायाच्या बोटात दाबला. खर्र, खर्र. साऱ्या मोहल्ल्यात तेवढाच आवाज. वरचा चकचकीत पापुद्रा गेला, खाली लोखंड लागलं. पोकळ नळी. नळीत वजन पुरं कराले शिसं ओतलेलं.

"सायकिलचं हँडल आहे," कय्यूम म्हणाला. "देवराव, तू माह्या दारावर दोनदा आला. मले धीर देत होता."

देवराव पळाला नाई. पळून कुठी जाते? बायकाइनंच त्याले घेरलं होतं. दुकानात ग्रीसच्या डब्यात हात घातला तवा खरा तोडा निंघाला. दुसराही त्याले बदलाचा होता म्हणे, पण लगन लवकर ठरलं अन् अंजनाबाई पेटी घेऊन गेली. मोहल्ला तापला, काहीजण त्याच्या अंगावर धावले.

"थांबा!" अंजनाबाई पाटावरून उठली. "परवा असेच धावले होते ना कय्यूमभाऊवर? कोणाची अक्कल ठिकाणावर होती? देवराव, पोलिसाचं आम्ही लग्नानंतर पाहू. आता पहिले तू कय्यूमच्या दारात बस अन् तो भाता शिव. साऱ्याइसमोर. पेटी तुह्या घरात परत झोपणार नाई."

"भाता मी फाडला नाई," देवराव कण्हला. "बापूरावनं फाडला."

सारे वळले. बापूराव माणसाइच्या मागून हळूच निंघून राह्यला होता.

"बापूरावभाऊ," मी अगदी मधासारखा बोललो, "उरलेले अंडे कुठी ठेवले होते हो?"

७

नवरदेवाची वरात सिंदेवाहीहून दुपार कलल्यावर आली. बँड कय्यूमच्या भट्टीसमोर थांबला, कारण पैज तिथूनच होती. भट्टीच्या ओट्यावर देवराव सुई-दोरा घेऊन भाता शिवत बसला होता, मान खाली.

बापूराव आला. हिरवं नऊवारी, डोक्यावर पदर, पदराखाली मिशा. नवरदेवाकडचे पहिले चाट पडले, मंग असे हसले की घोडा बुजला. माह्या डोळ्यातून पाणी. मी पुढं जाऊन त्याची नजर काढली.

"लहानू, तुले मी सोडणार नाई," पदरातून भोंगा आला.

"लाजू नको माय! वाजवा रे!"

पण बँड वाजाच्या आत बापूराव ओट्याजवळ गेला. कय्यूम तिथी उभा होता. तो सकाळपासून हसला नोहोता. ट्रंक त्यानं अजून रिकामी केली नोहोती.

"कय्यूम," बापूराव म्हणाला. एवढा मोठा माणूस लुगड्यात उभा, अन् पदराचं टोक बोटाले गुंडाळत होता. "मीच... पेटीत अंडे... मीच ओरडलो बी. लाथ बी मीच..."

कय्यूम त्याच्याकडे पाहत राह्यला. वरखाली, पदरापासून पायापर्यंत.

"पैजेत तोडा बी होता ना?" तो म्हणाला. "पाय तर रिकामा आहे."

मंग तो आत गेला अन् कानस लागलेला तो लोखंडी तोडा घेऊन आला. शमसुन्निसानं मोठा चिमटा देल्ला. कय्यूम खाली बसला, बापूरावचा पाय आपल्या मांडीवर घेतला, तोडा घोट्यावर चढवला अन् चिमट्यानं आवळला. परत आवळला. बापूराव "आयो!" म्हणून बोंबलला.

"जास्त झाला का?"

"लय झाला!"

"काढाचा असला," कय्यूम उठून हात झटकत म्हणाला, "तर सायकिलवाला तो बसला आहे. माह्याकडे येऊ नको."

तवा शमसुन्निसा हसली. पहिली तीच.

बँड सुरू झाला. बापूराव नाचला, भट्टीपासून विहारापर्यंत, शिशानं भरलेला एक पाय जड, दुसरा हलका, एका पायानं लंगडत अन् दुसऱ्यानं उडत. त्याच्यामागं रुखमा चालत होती, पायात दोन्ही तोडे, कय्यूमनं सकाळीच घासलेले. पहिला नंतर दुसरा, दोन येगळ्या फडक्यानं.

दोन्ही फडके काळे झाले होते. शमसुन्निसानं ते मुद्दाम भट्टीच्या दारावर वाळत घातले, जाणाऱ्या-येणाऱ्याले दिसतीन असे.